कुंपणापर्यंत

नकाशावर एकशे बारा ठिपके आहेत.
त्यातले सत्त्याण्णव रस्त्याला चिकटलेले,
गुळाच्या ओघळाला मुंग्या लागाव्यात तसे.
म्हणजे हा घोयऱ्यांचा नकाशा नव्हेच,
जीप कुठवर जाते त्याचा आहे.

एक ठिपका समुद्रात.
कुणीतरी रेखांश भरायचा विसरला,
यंत्रानं तिथे शून्य घातलं
आणि उसंबाराच्या फांदीवरचा जीव
अटलांटिकमध्ये जाऊन पडला.
अशांना बाहेर काढायचा मला पगार मिळतो.
टांगा बंदरात, दुसऱ्या मजल्यावर,
वीज असेल तेव्हा.

त्या नमुन्याची चिठ्ठी सापडली, एकोणीसशे एकतीसची:
‘मिशनच्या वर, ओढ्याकाठी, दोन तास चालून.’
कुणाचे दोन तास?
शेम्डोए हसला. त्याचा आजा त्या वाटेवर हमाल होता.
म्हणाला, चाललं कोण? साहेब खुर्चीत होता.
खुर्ची चौघांच्या खांद्यावर.
अर्धा दिवस लिही.

मग आम्ही गेलो.
नऊ रात्री.
घोयरा झोपला की फिका पडतो,
बॅटरीच्या उजेडात फांदीच्या टोकाशी
वाळायला विसरलेल्या रुमालासारखा दिसतो.
दोरी धरून शंभर मीटर, मग पुन्हा शंभर.
तिसऱ्या रात्री सियाफू मुंग्या शेम्डोएच्या पँटीत शिरल्या,
तो ओढ्यात नाचला, मी तक्ता कोरडा धरून उभी.
दुसऱ्या जातीचे सापडले, सतरा.
तो शिंगवाला नाही.

तक्त्यात मी शून्य लिहिलं. नऊ वेळा.
रिकामा चौकोन म्हणजे कुणी गेलंच नाही.
शून्य म्हणजे गेलो, भिजलो, पाहिलं,
नव्हता.
हा फरक मी नव्या पोरांना दर वर्षी शिकवते,
आणि दर वर्षी ती शून्यं
रिकामी करून पाठवतात.

दहाव्या सकाळी, राखीव जंगलाची हद्द ओलांडून
खाली उतरताना
म्वानाहावा शेकिओंडोनं चहा दिला.
काय शोधता? शेम्डोएनं बोटांनी नाकावर शिंगं केली.
ती थुंकली आधी, अपशकुन नको म्हणून.
मग म्हणाली, तो होय?
माझ्या कुंपणावर असतो. वेलदोड्यांच्या पलीकडे.
दिसला की मी दुसऱ्या वाटेनं जाते.

कधीपासून?
थोरलीच्या बाळंतपणापासून.
मग आधी सांगितलं का नाही?
तुम्ही जंगलाचं विचारत होता.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते म्हणे.
तो तर कुंपणावरच बसला होता, एक डोळा माझ्याकडे,
दुसरा कुठल्यातरी माशीकडे.
धाव आमचीच हद्दीपाशी संपली होती,
नव्वद वर्षं.

फॉर्म उघडला.
प्रथम कधी दिसला: ‘थोरलीच्या बाळंतपणात’.
लाल अक्षरं. तारीख अवैध.
निरीक्षकाचं नाव: भरलं, पूर्ण.
ईमेल: हे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.
माझा घातला.

ती खांद्यावरून बघत होती.
हा ठिपका कोण बघतं?
सगळे, मी अभिमानानं म्हणाले.
सरकारसुद्धा?
...
मागच्या खेपेला पक्षी सापडला होता
आणि हद्द खाली सरकली, ती म्हणाली,
माझ्या बहिणीच्या केळींच्या अलीकडे.
आवाज चढवला नाही. कप उचलले.

घोयऱ्यानं एक पाय पुढे केला,
हलवला, मागे घेतला,
पुन्हा पुढे केला.

रात्री टांग्यात मी दशांशातले पाच आकडे पुसले.
एकच ठेवला.
आता तो ठिपका अकरा किलोमीटर रुंद आहे,
त्यात दोन डोंगर, एक चहामळा, चार गावं,
आणि कुठेतरी एक कुंपण.
ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं:
ओढ्याकाठी, चालत.
नव्वद वर्षांनी कुणीतरी पंख्याखाली बसून
मला शिव्या घालेल.

घालू दे.
तिला चालत यावं लागेल,
आणि चहा घेताना
विचारावं लागेल.